पिसं उडतात पण कावळा पडत नाही : काडतूस, छऱ्याचा नंबर आणि चोक कसे तपासावेत

बार निघतो, दोन-चार पिसं हवेत तरंगतात, कावळा एक हेलकावा खातो आणि तसाच झाडीच्या दिशेने निघून जातो. हे वारंवार होऊ लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: याहून जोरदार काडतूस कोणतं? मग 28 ग्रॅम छऱ्यांचं सोडून 36 ग्रॅमचं खोकं येतं, 6 नंबर सोडून 4 नंबर (नंबर लहान, छर्रा मोठा) येतो, खांदा दुखायला लागतो आणि कावळे तसेच निसटत राहतात.

काडतुसाचा दोष असतो, पण यादीत बराच खाली. तपासायचा क्रम असा ठेवावा: आधी अंतर, मग कागदावरचा पॅटर्न (छर्रे कसे पसरतात ते), मग छऱ्याचा नंबर, त्यानंतर भाराचं, म्हणजे काडतुसातल्या सगळ्या छऱ्यांचं, वजन आणि अगदी शेवटी खोक्यावर ठळक छापलेला वेग. बहुतेक तक्रारी पहिल्या दोन पायऱ्यांतच मिटतात आणि त्या दोन्हींना नवीन खोकं लागत नाही.

त्याआधी कायद्याचं. कावळ्यावर बंदूक चालवता येते का, कधी आणि कोणत्या कारणासाठी, हे देशागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये कॅरियन क्रो हा कावळा पिकांचं किंवा जनावरांचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी जनरल लायसन्सच्या (सर्वांसाठी खुल्या सरकारी परवान्याच्या) अटी पाळून मारता येतो. अमेरिकेत कावळा 1972 पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली आहे. हंगाम राज्य ठरवतं आणि तो वर्षाला 124 दिवसांपेक्षा मोठा ठेवता येत नाही. भारतात उपद्रवी प्राण्यांच्या जुन्या अनुसूचीत कावळा होता, पण 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच निघाली. त्यामुळे ‘कावळ्याला परवानगी कशाला’ ही समजूत इथे धरून चालू नये. रेव्हन हा मोठा, पाचरीसारख्या शेपटीचा काळा पक्षी इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे संरक्षित आहे. पक्षी कोणता याची खात्री होईपर्यंत बोट घोड्यावर जाता कामा नये.

अंतर: जवळजवळ प्रत्येक जण इथे चुकतो

कॅरियन क्रो असो की अमेरिकन क्रो, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर भरतो. वजन मात्र अर्ध्या किलोच्या आसपास. आकाशात दिसते ती काळी आकृती बहुतांशी पिसांची असते. छर्रा लागला की पक्षी जागेवर पडेल असा भाग म्हणजे डोकं, मान आणि छातीचा पुढचा हिस्सा, सगळं मिळून हाताच्या तळव्याएवढं. पंखाच्या लांब पिसांतून छर्रे आरपार जातात, पीस गळतं, कावळ्याला काहीही होत नाही. म्हणून ‘पिसं उडाली म्हणजे नेम बरोबर होता’ हे अनुमानच चुकीचं. पिसं उडाली याचा अर्थ एवढाच की फवाऱ्याची कड पक्ष्याला चाटून गेली, किंवा फवारा इतका विरळ होता की अंगावर पुरेसे छर्रे आले नाहीत.

मोठी आकृती आणि उजळ आकाशावर काळा रंग यामुळे कावळा आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. 35 यार्ड वाटणारा पक्षी मोजला तर 45 निघणं नेहमीचं. (40 यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर, चोकची, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या आकुंचनाची, कोष्टकं यार्डांत असतात म्हणून इथेही यार्डच.)

उपाय साधा आहे. लपणात बसण्याआधी लेझरच्या अंतरमापकाने चार दिशांची चार झाडं किंवा कुंपणाचे खांब मोजून ठेवा. अंतरमापक नसेल तर पावलं टाकून 25 आणि 40 यार्डांवर काठ्या रोवा. फसवे कावळे (खरे कावळे ओढून आणणाऱ्या प्रतिकृती) 20 ते 25 यार्डांवर मांडा आणि सगळ्यात लांबचा फसवा 30 च्या पुढे जाऊ देऊ नका. 40 च्या काठीपलीकडच्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही, असं निदान पॅटर्न तपासून होईपर्यंत तरी ठरवून टाका.

उंची विसरली जाते. संध्याकाळी रातथाऱ्याला येणारे कावळे उंच झाडांवरून येतात. जमिनीवरून 30 यार्ड लांब आणि 20 यार्ड उंच असलेला पक्षी प्रत्यक्षात 36 यार्डांवर असतो. 30 लांब आणि 30 उंच असेल तर 42 वर. झाडाच्या बुंध्यापर्यंत पावलं टाकून काढलेलं अंतर शेंड्यावरच्या कावळ्याला लागू पडत नाही.

अंतराशीच जोडलेली दुसरी चूक म्हणजे मागे पडलेला नेम. 6 नंबरचे छर्रे 40 यार्ड गाठायला 0.14 सेकंदाच्या आसपास वेळ घेतात. ताशी 45 किलोमीटरने आडवा जाणारा कावळा तेवढ्यात सहा फुटांच्या जवळपास सरकतो. 20 यार्डांवर हेच सरकणं जेमतेम अडीच फूट. जवळच्या फसव्यांवर बसलेला हात लांबच्या पक्ष्यालाही तेवढीच आघाडी (पक्ष्याच्या पुढे धरलेला नेम) देतो आणि फवारा शेपटीमागून जातो. शेपटीची आणि पाठीमागची पिसं उडत असतील तर संशय आधी इथे घ्यावा.

कागद: एका दुपारचं काम, पण टाळलं जातं

120 सेंटीमीटर लांब-रुंद कोरा कागद, मागे सुरक्षित मातीचा बांध, आणि ज्या अंतरावर खरोखर शिकार होते ते अंतर. मध्ये एक ठिपका. बंदूक नेहमीसारखी खांद्याला लावून त्या ठिपक्यावर एक बार. मग 38 सेंटीमीटर दोरीला पेन्सिल बांधून 76 सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे 30 इंची, वर्तुळ काढायचं. हे वर्तुळ ठिपक्याभोवती काढायचं नाही. छर्रे जिथे सर्वांत दाट आहेत तो भाग मध्यावर येईल असं काढायचं. आतली भोकं मोजायची. प्रत्येक नळीसाठी आणि प्रत्येक काडतुसासाठी किमान पाच कागद. बार-बारांत फरक पडतोच, एकाच कागदावर निकाल देऊ नये.

कावळ्यासाठी त्या वर्तुळात 120 ते 130 छर्रे हवेत. याच बांध्याच्या पारव्यासाठी धरला जातो तेवढाच हा आकडा. याहून कमी असतील तर छर्रा कितीही जड असो, पक्षी मोकळ्या जागेतून निसटतो.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली: 12-13 सेंटीमीटर व्यासाची बशी कागदावर फिरवा. ती ठेवल्यावर खाली एकही भोक येत नाही अशा जागा वर्तुळात दोन-तीन असतील तर एकूण संख्या पुरेशी असूनही पॅटर्न तुटक आहे. दुसरी: वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून किती सरकला? पाचही कागदांवर तो एकाच बाजूला वीतभर सरकत असेल तर दस्ता अंगाला बसत नाही किंवा नळीच बाजूला मारते. हा दोष कोणतंही काडतूस दुरुस्त करणार नाही; बंदूक कारागिराकडे न्यावी.

मोजलेली संख्या कशाशी ताडायची? त्यासाठी काडतुसात मुळात किती छर्रे आहेत ते हवं. शिशाच्या छऱ्यांसाठी दर ग्रॅमला ढोबळ संख्या:

3.1 मिमी : 6
2.8 मिमी : पावणेआठ
2.6 मिमी : साडेनऊ
2.4 मिमी : 12
2.3 मिमी : 14

म्हणजे 30 ग्रॅम भारात 2.6 मिमीचे साधारण 285 छर्रे. 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात त्यातले किती यावेत, हे चोकवर ठरतं. चोक नसलेली सरळ नळी 40 टक्के, मग आकुंचन वाढत जाईल तसे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर 50, क्वार्टर 55, हाफ 60, थ्री क्वार्टर 65 आणि फुल 70 टक्के. अंतर वाढलं की हे झपाट्याने घसरतं: 45 यार्डांवर क्वार्टर 46, हाफ 50, थ्री क्वार्टर 55, फुल 59. पन्नासवर फुल चोकही निम्म्याच्या खाली जातो. उलट 30 यार्डांवर इम्प्रूव्ह्ड सिलिंडरसुद्धा 72 टक्के देतो आणि फुल चोक जवळजवळ सगळेच छर्रे वर्तुळात कोंबतो.

आता हिशेब मांडा. 285 चे 55 टक्के म्हणजे 157. क्वार्टर चोकमधून 30 ग्रॅम 2.6 मिमी 40 यार्डांवर भरपूर, 45 वर 131, म्हणजे काठावर पास. तुमच्या कागदावर 40 यार्डांना 95 भोकं निघत असतील तर बंदूक आणि काडतूस यांचं जमत नाही. चोक एक पायरी आवळा किंवा काडतुसाचा प्रकार बदला. नळीवर काय कोरलंय यावर विश्वास ठेवू नका. 12 बोअर या मापाच्या नळीला क्वार्टर म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर आकुंचन, हाफ म्हणजे अर्धा, फुल म्हणजे एक मिलिमीटर. पण प्लॅस्टिकच्या पेल्यातून जाणारे कडक छर्रे हाफ चोकमधून फुलसारखा पॅटर्न देऊ शकतात, आणि जुन्या फायबर वॅडचं (दारू आणि छर्रे यांमधल्या बुचाचं) काडतूस त्याच नळीतून क्वार्टरसारखा. कागदावर जो टक्का निघेल तोच त्या जोडीचा खरा चोक.

नंबर एक, छर्रे दोन वेगळे

‘6 नंबर’ असं सांगणाऱ्याला आधी विचारावं, कुठला? ब्रिटिश 6 म्हणजे 2.6 मिमी. अमेरिकन 6 म्हणजे 2.8 मिमी, जो ब्रिटिश 5 झाला. अमेरिकन साडेसात म्हणजे 2.4 मिमी, म्हणजे ब्रिटिश 7. अमेरिकन नंबरवरून व्यास काढायची युक्ती सोपी आहे: 17 मधून नंबर वजा करा, उत्तर इंचाच्या शतांशांत व्यास. 17 वजा 6 बरोबर 11, म्हणजे 0.11 इंच. युरोपातल्या इतर देशांच्या खोक्यांवर नंबर पुन्हा थोडे सरकलेले असतात. म्हणून खोक्यावर छापलेला मिलिमीटरचा आकडा बघायचा आणि नंबर सोडून द्यायचा. ‘मागच्या वेळी 6 नंबर चालला, या वेळी नाही’ या तक्रारीत निम्म्या वेळा खोकं दुसऱ्या देशातलं निघतं.

कावळ्यासाठी कामाचा पल्ला अरुंद आहे: 2.4 ते 2.8 मिमी.

फसव्यांवर उतरणारा, 30 यार्डांच्या आतला कावळा असेल तर 28 ग्रॅम 2.4 मिमी आणि इम्प्रूव्ह्ड सिलिंडर किंवा क्वार्टर. साधारण 335 छर्रे, पॅटर्न गच्च, खांद्याला त्रास नाही. मर्यादा पॅटर्नची येत नाही, भेदनाची येते. 35 यार्डांपुढे या छऱ्याचा जोर कमी पडू लागतो, विशेषतः पक्षी दूर जात असेल आणि पाठीची पिसं, पाठीचा कणा आणि आतडी ओलांडून छर्रा पुढे जायला हवा असेल तेव्हा.

एकच खोकं घ्यायचं तर 30 किंवा 32 ग्रॅम 2.6 मिमी, क्वार्टर किंवा हाफ चोकसोबत. 20 पासून 40 यार्डांपर्यंत यात कमतरता नाही. 2.4 पेक्षा हा छर्रा सुमारे सव्वापट जड असतो.

वाऱ्यावर उंच जाणाऱ्या, 40 ते 45 यार्डांवरच्या कावळ्यांसाठी 34 ग्रॅम 2.8 मिमी, हाफ किंवा थ्री क्वार्टर. एकूण 264 छर्रे. 45 यार्डांवर हाफमधून 132. 30 ग्रॅमचं 2.8 घेतलं तर तिथे 116 उरतात. म्हणजे छर्रा मोठा केला की भारही वाढवावा लागतो, नाहीतर फायदा पॅटर्नमध्येच गळून जातो.

आणि 3.1 मिमी, ब्रिटिश 4 नंबर? निसटणाऱ्या कावळ्यांवर उपाय म्हणून सर्वांत जास्त सुचवला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारा. 36 ग्रॅममध्येही फक्त 216 छर्रे. 45 यार्डांवर थ्री क्वार्टरमधून 119, फुलमधून 127. म्हणजे सर्वांत आवळलेला चोक आणि जड भार घालूनही जेमतेम काठाला. त्यात फुल चोकने 25 यार्डांवरचे कावळे चुकतील. या बांध्याच्या पक्ष्याला तेवढ्या भेदनाची गरजच नसते. बदकासाठी उरलेली काडतुसं कावळ्यांवर संपवण्याची सवय असेल तर निसटण्याचं कारण तिथेच आहे.

क्ले पिजनची (हवेत उडवलेल्या चकत्यांवरच्या नेमबाजीची) 24 किंवा 28 ग्रॅम 2.3 मिमीची काडतुसं स्वस्त पडतात म्हणून वापरली जातात. 25 यार्डांच्या आत, समोरून येणाऱ्या पक्ष्याला चालतात. त्यापुढे छर्रा पिसांखाली कातडीत अडकतो, आणि पक्षी लांब जाऊन मरतो. 2.6 चा छर्रा याहून जवळजवळ दीडपट जड असतो. त्या दोघांत निवड करताना काडतुसामागे वाचणाऱ्या पैशांना फारसं महत्त्व देऊ नये.

लक्षणावरून कारण

जवळचे कावळे चुकतात, लांबचे पडतात: चोक फार आवळलेला. 20 यार्डांवर फुल चोकचा फवारा जेमतेम 40 सेंटीमीटर रुंद असतो. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचा 65 च्या वर. फसव्यांसाठी चोक उघडा.

जवळचे पडतात, लांबचे पिसं टाकून जातात: आधी काठी लावून अंतर मोजा, मग त्याच अंतरावर कागद लावा. 120 च्या खाली असेल तर चोक आवळा. 120 च्या वर असेल आणि छर्रा 2.4 किंवा बारीक असेल तर 2.6 घ्या.

कावळा पाय लोंबते ठेवून किंवा एक पंख पाडून जातो: फवारा मागे पडतोय. काडतूस बदलू नका, आघाडी वाढवा. बंदूक चालती ठेवूनच घोडा ओढा. पक्ष्यापुढे थांबवून बार टाकणारा नेहमी मागे राहतो.

पहिला बार नीट, दुसरा नेहमी वाया: दोन नळ्यांत दोन चोक असतात आणि दुसऱ्या बारापर्यंत कावळा दहा-पंधरा यार्ड दूर गेलेला असतो. फसव्यांवर पहिला बार उघड्या नळीतून, दुसरा आवळलेल्या नळीतून. पक्षी येत असेल, जात नसेल, तर क्रम उलटा. घायाळ पक्ष्यावर दुसरा बार लगेच टाकायचा, ‘पडेलच’ म्हणून थांबायचं नाही.

एकाच खोक्यातली काडतुसं कधी चांगली, कधी खराब: मऊ शिशाचे छर्रे नळीत दाबले जाऊन चपटे होतात आणि चपटा छर्रा सरळ जात नाही, फवाऱ्याबाहेर फेकला जातो. शिशात अँटिमनी जास्त, पाच टक्क्यांच्या आसपास, असेल तर छर्रे कडक राहतात आणि पॅटर्न समान पडतो. काडतूस जितकं वेगवान आणि भार जितका जड, तितकी ही चपटी होण्याची भानगड जास्त. म्हणून 36 ग्रॅमचं वेगवान काडतूस कधीकधी 30 ग्रॅमच्या शांत काडतुसापेक्षा विरळ पॅटर्न देतं. यावर विश्वास बसत नसेल तर दोन्ही कागदावर टाकून बघा.

वेगाबद्दलही तेच. सेकंदाला 20 मीटर वेग जास्त असल्याची जाहिरात नळीच्या तोंडाजवळच्या वेगाची असते. लहान छर्रा हवेत वेग पटकन गमावतो. 40 यार्डांवर त्या जादा वेगातला थोडाच उरतो. आघाडीत पडणारा फरक काही बोटांचा. धक्का मात्र पूर्ण मिळतो.

धक्क्याची गोष्ट निघाली आहे म्हणून: जुना नियम असा की बंदूक भाराच्या 96 पट जड असावी. 30 ग्रॅमसाठी 2.88 किलो, 36 ग्रॅमसाठी जवळजवळ साडेतीन किलो. तीन किलोच्या हलक्या दुनळीतून 36 ग्रॅम दिवसभर चालवली की तिसऱ्या-चौथ्या डझनाला डोकं दस्त्यावरून उठायला लागतं आणि नेम वर जातो. ‘सकाळी लागत होते, दुपारी लागत नाहीत’ याचं हे सर्वांत सामान्य कारण.

20 बोअर, म्हणजे 12 पेक्षा अरुंद नळी, असेल तर 28 ग्रॅम 2.6 मिमी हाफ चोकमधून 40 यार्डांपर्यंत पुरतो. 410 या आणखी अरुंद नळीला तीन इंची काडतुसात 18-19 ग्रॅमच भार बसतो, तिथे 25 यार्डांवर थांबावं.

शिसं सोडून स्टील घेतल्यावर बिघडलं

पाणथळ जागांसाठी युरोपीय संघात 2023 पासून शिशाचे छर्रे बंद आहेत, आणि कॅलिफोर्नियात 2019 च्या जुलैपासून कोणत्याही वन्य पक्ष्या-प्राण्यासाठी. तिथे पर्याय बहुधा स्टीलचा. नंबर तोच ठेवून खोकं बदललं की तक्रार ठरलेली.

शिशाची घनता 11 च्या वर, स्टीलची 7.8. त्याच मापाचा स्टीलचा छर्रा खूपच हलका असतो, म्हणून दोन नंबर मोठा घ्यायचा: शिशाच्या 2.6 ऐवजी स्टीलचा 3.1 मिमी. 32 ग्रॅममध्ये असे सुमारे 260 बसतात, म्हणजे संख्येची चिंता नाही. एकेक छर्रा वजनाने शिशाच्या 2.6 च्या थोडा वरच असतो, पण आकाराने मोठा आणि घनतेने कमी असल्यामुळे हवेत लवकर मंदावतो. मर्यादा 35 यार्ड धरावी.

स्टील चपटं होत नाही, त्यामुळे पॅटर्न शिशापेक्षा एखादी पायरी आवळलेला पडतो. आधी हाफ वापरत असाल तर क्वार्टर लावून कागद बघा. स्टँडर्ड स्टीलच्या 12 बोअर काडतुसांत 3.25 मिमीपर्यंतचाच छर्रा असतो, त्यामुळे 3.1 त्या मर्यादेत बसतो. हाय परफॉर्मन्स (जादा दाबाची) स्टीलची काडतुसं फक्त फ्लर-द-ली या फुलाच्या चाचणी खुणेच्या नळ्यांतूनच चालवावीत. 4 मिमीवरचे छर्रे हाफपेक्षा आवळलेल्या चोकमधून कधीच नाहीत. दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेल्या जुन्या) नळीला किंवा पातळ भिंतीच्या जुन्या दुनळीला स्टील नको, तिथे बिस्मथ. ते शिशाइतकंच मऊ असतं, घनता साडेनऊच्या पुढे, म्हणून एकच नंबर मोठा पुरतो. दगड, लोखंडी पत्रा किंवा टणक झाडाच्या बुंध्यावर स्टील उसळून परत येतं. लपणात डोळ्यांना चष्मा हवाच.

बंदूक आणि काडतूस यांचं मापच जुळत नाही

ही चूक निसटलेल्या कावळ्यापेक्षा फार महाग पडते. काडतुसावर छापलेली लांबी, म्हणजे 65, 70 किंवा 76 मिमी, ही बार झाल्यावर उघडलेल्या नळकांड्याची असते. म्हणून 76 चं न उडवलेलं काडतूस 70 च्या कोठीत (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) आरामात बसतं आणि सगळं ठीक वाटतं. बार होताना त्याचं तोंड कोठीपुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. नळीवर कोरलेला कोठीचा आकडा वाचून मगच खोकं घ्या.

20 बोअरचं काडतूस 12 च्या कोठीतून पुढे घसरून नळीत अडकतं. ‘रिकामी आहे’ समजून मागे 12 चं भरलं की नळी फुटते. 20 ची काडतुसं पिवळी ठेवण्याची पद्धत याचसाठी. दोन बोअरच्या बंदुका घेऊन जाणाऱ्यांनी एकाच खिशात दोन्ही ठेवू नयेत.

सेमी-ऑटो (बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) 24 ग्रॅमच्या हलक्या काडतुसांवर फिरत नाही, रिकामं नळकांडं अडकतं, दुसरा बार मिळत नाही. 28 ग्रॅम किंवा 30 ग्रॅमवर जा आणि गॅसची भोकं साफ करा. तरीही अडकत असेल तर कोठीत प्लॅस्टिकचा थर बसला आहे. ब्रशने खरवडून काढा. कागदी नळकांड्याची काडतुसं ओलाव्याने फुगतात आणि कोठीत बसत नाहीत. ती दाबून बसवू नका, बाजूला काढा.

फुसका बार झाला, आवाज नेहमीपेक्षा बसका आला, धक्का जाणवला नाही, तर पुढचा बार टाकायचा नाही. काडतुसं काढा, बंदूक उघडून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहा. वॅड अडकलेला असेल तर दांड्याने काढा. अडकलेल्या वॅडवर दुसरा बार झाला तर नळी फुगते किंवा फाटते. घोडा ओढून टिक्‌ असा आवाज आला आणि काहीच झालं नाही, तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान 30 सेकंद थांबा. बार उशिरा निघू शकतो. मग काडतूस काढून त्याच्या बुडाच्या टोपीवरचा खळगा बघा. खळगा उथळ असेल तर बंदुकीची कळ किंवा स्प्रिंग कमजोर झाली आहे, खोल असेल तर काडतूस ओलावलेलं आहे आणि त्या खोक्यातली बाकीचीही कावळ्यांवर वापरू नयेत.